मगदूम डॉक्टरांचा नियम

संयोगिता निंबाळकर सकाळी दवाखान्यात आली तेव्हा तिच्याबरोबर कुत्रा नव्हता. हातात कापडी पिशवी होती. तपासायच्या टेबलावर, जनावर ठेवतात तिथेच, तिनं ती उपडी केली. सलाइनच्या न उघडलेल्या बाटल्या, दुखणं कमी करायच्या गोळ्यांच्या पट्ट्या, सुया, मलमाची दाबून चपटी झालेली ट्यूब. "ठेवा तुमच्याकडं. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतील," ती म्हणाली. डॉक्टर पारस मगदूम हातमोजा चढवत होता, तो अर्धाच राहिला. "ब्राउनी?" त्यानं विचारलं. "गेला परवा," ती म्हणाली आणि पिशवीची घडी घालत बसली. फार नीट घडी घातली तिनं. ज्युनिअर कॉलेजात शिकवणारी, मोजकं बोलणारी बाई. तिनं आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. आरडाओरड्याची त्याला सवय होती. कुणाचं मांजर मेलं की लोक आधी डॉक्टरवर खेकसतात, मग रडतात, मग पुढच्या वर्षी नवं पिल्लू घेऊन लस टोचायला येतात. संयोगिता दारापर्यंत गेली आणि वळून, वर्गातल्या एखाद्या मुलाची चूक दाखवावी इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "नियम तुमचा होता डॉक्टर. भोगलं मात्र आमच्या ब्राउनीनं." मग ती गेली. बाहेर कुणाचीशी दुचाकी दारात आडवी लागली होती, ती काढायला सांगतानाचा तिचा आवाज त्याला ऐकू आला.

पुढचं जनावर आत आलं. पांढरं पॉमेरियन, कानात घाण. त्याने कान साफ केला, थेंब लिहून दिले, मालकिणीनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं. काय विचारलं आणि काय उत्तर दिलं हे लगेचच विसरला. कंबर दुखत होती. ती रोजच दुखते. जनावराचा डॉक्टर दिवसभर वाकलेला असतो, पण लोकांना वाटतं की हा पिल्लं कुरवाळायचे पैसे घेतो. शाहूपुरीतल्या या गाळ्यात त्याचं तारुण्य गेलं, केस गेले. फिनेल, ओली केसाळ कातडी आणि भ्यालेल्या मांजराचं मूत यांचा मिळून एक वास असतो, तो आता त्याच्या झोपेतही असायचा. लग्नाला गेलं तर जेवणाच्या पंक्तीत कुणीतरी मोबाइल पुढे करून कुत्र्याच्या उलटीचा फोटो दाखवायचं. इंटरनेटवर त्याच्या दवाखान्याला लोकांनी एकतर पाच चांदण्या दिल्या होत्या, नाहीतर एक. मधलं काही नव्हतंच. पाच चांदण्यांखाली लिहिलेलं असायचं, देवमाणूस, शेवटपर्यंत सोडत नाहीत. आणि एका चांदणीखालीही जवळजवळ तेच लिहिलेलं असायचं, की शेवटपर्यंत सोडत नाहीत. हे त्याच्या ध्यानात फार पूर्वी आलं होतं, आणि ध्यानात आलेलं त्यानं तसंच ठेवून दिलं होतं.

नियम म्हणजे काय, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मगदूम डॉक्टर जनावराला शेवटचं इंजेक्शन देत नाहीत. दवाखान्यात तशी पाटी नव्हती, तो स्वतः कुणाला सांगायचाही नाही. कुणी चाचरत विषय काढला की तो जनावराकडे बघत म्हणायचा, "अजून प्रयत्न करू." याच शब्दांवर त्याचा दवाखाना चालला होता. दुसऱ्यांनी हात टेकलेली जनावरं त्याच्याकडे यायची. त्यातली काही खरंच उठली. गडहिंग्लजहून एसटीनं आणलेली, पोत्यात गुंडाळलेली एक कुत्री स्वतःच्या पायांनी परत गेली, ते बघायला समोरच्या दुकानातली माणसं रस्त्यावर आली होती. अशा वेळी नियम त्याला फार खरा वाटायचा. आणि जी उठली नाहीत त्यांचं काय झालं? ती मेलीच, पण सावकाश. सलाइन, सुई, परत सलाइन. ती मरायची तेव्हा मालक थकलेले असायचे, आणि थकलेला माणूस फार भांडत नाही. ब्राउनीच्या मागच्या पायाच्या हाडात कॅन्सर होता. पाय उचलून धरायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. संयोगितानं विचारलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा तर नीट विचारलं होतं, "डॉक्टर, तुमचा कुत्रा असता तर?" तेव्हाही तो म्हणाला होता, अजून प्रयत्न करू. दुसऱ्या डॉक्टरकडे जा, एवढं तरी म्हणायला काय झालं होतं? त्याला आता वाटलं की तेवढं म्हणण्यासाठी आधी स्वतःशी काहीतरी कबूल करावं लागलं असतं. तेच तो टाळत आला होता.

दोन जनावरांच्या मधे त्याने खुर्चीत डोळे मिटले, तर कुरुंदवाडचा मंडप दिसला. चातुर्मास होता, जैन मुनी महाराज गावात मुक्कामाला होते. प्रवचन संपल्यावर पोरांना पुढे बोलावून नियम द्यायची पद्धत होती. कुणी चार महिने बटाटा सोडला, कुणी बाजारातली भेळ. एकानं भावाला मारायचं सोडलं, तेव्हा बायका हसल्या. पारसचा नंबर आला तेव्हा त्याला काहीच सोडवेना. बटाटा आवडायचा, भेळ तर फारच. म्हणून त्यानं असं काही निवडलं की ज्यात त्याचं काहीच जात नव्हतं. "मी जन्मभर कुठलाही जीव मारणार नाही," तो मोठ्यानं म्हणाला. महाराजांनी विचारलं, "बाळ, झेपेल का?" पुरुषांच्या बाजूला कुणी कौतुकानं हसलं आणि त्या हसण्यानं तो हट्टाला पेटला. झेपेल म्हणाला. बायकांच्या बाजूला बसलेल्या आईनं पदर डोळ्यांना लावला. तिला तो घरातल्या सगळ्यांसारखा आक्काच म्हणायचा. वडील नुकतेच गेले होते, आणि त्यानंतर आक्का पहिल्यांदा चारचौघांत मान वर करून चालली ती त्या दिवशी घरी जाताना. वाटेत बायका तिला थांबवून सांगत होत्या, पद्मावती, पोरगं नाव काढणार. त्याच्या खांद्यावर तिचा हात होता. तो हात त्याला अजून आठवत होता, घामानं ओलसर, बोटं जरा जास्तच घट्ट. नियम महाराजांना दिला होता असं तो म्हणायचा. खरं तर तो त्या हाताला दिला होता.

मग हेच पोरगं जनावरांचा डॉक्टर झालं. कॉलेजात एकदा प्रात्यक्षिकाला म्हातारा घोडा झोपवायचा होता, तेव्हा तो पोट दुखतंय म्हणून बाहेर जाऊन बसला होता. पुढे दवाखाना निघाला आणि रोज गोचीड मरू लागले, जंत मरू लागले, जखमांतल्या अळ्या तो स्वतःच्या हातानं चिमट्यानं काढू लागला. त्याची त्यानं सोय लावली. धंद्यात आपोआप होते ती हिंसा निराळी आणि ठरवून केलेली निराळी, हे पाठशाळेत शिकलेलं त्याला बरं आठवलं. गोचिडाला इंद्रियं कमी, कुत्र्याला पाच. अशी सगळी मांडामांड त्याने मनाशी केलेली होती आणि ती त्याला पुरली. त्याचा धर्मावर फार विश्वास होता असंही नाही. बाहेरगावी गेला की तो रात्री जेवायचा, कांदा खायचा. देवळात वर्षाकाठी जायचा तो आक्काला घेऊन. नियम तेवढा राहिला होता, कारण वरच्या मजल्यावर आक्का होती. ती दवाखान्यात कधी उतरायची नाही. संध्याकाळी तो वर गेला की नेमानं एकच विचारायची, "आज किती जनावरं आलती?" तो आकडा सांगायचा. ती पुढे काही विचारायची नाही. त्या न विचारण्यात तिला आपल्यावर केवढा विश्वास आहे, असं त्याला वाटायचं आणि त्या विश्वासानं तो बांधला जायचा.

दुपारी पडद्यापलीकडे बाकावर बसलेल्या लोकांचं बोलणं चाललं होतं. कुणीतरी नव्यानं आलेला माणूस विचारत होता, कसा हाय डॉक्टर? "पावणं, देव हाय देव," एक बाई म्हणाली. "माझ्या मांजराला सगळ्यांनी न्हाय म्हटलतं. ह्येनी जगवलं." दुसरा एक पुरुषी आवाज म्हणाला, "जगवत्यात, पर कसं जगवत्यात ते बी बगा की. आमच्या जॉनीचं हाल कुत्रं खात न्हवतं." मग आपण काय बोलून गेलो हे कळून तो स्वतःच हसला, बाकीचेही हसले. काउंटरवर बसणाऱ्या स्नेहलनं सगळ्यांना हळू बोलायला सांगितलं. पारस हातात एका मांजराची शेपटी धरून उभा होता. एरवी तो असल्या बोलण्याकडे लक्ष देत नसे. आज त्याला दोन्ही आवाजांचा सारखाच कंटाळा आला. देव म्हणणारीचा थोडा जास्तच. मांजरानं त्याच्या मनगटावर ओरखडा काढला, तेव्हा त्याला बरंच वाटलं.

संध्याकाळी आकाराम आला. आपल्या कुत्र्याला, काळूला, घोंगड्यात घेऊन, दोन्ही हातांवर तोलत. आकारामच्या दोन म्हशी होत्या. रोज संध्याकाळी तो त्या शहरातल्या दूधकट्ट्यावर घेऊन जायचा आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचा. काळू म्हशींच्या पुढे चालायचा, रिक्षावाल्यांवर भुंकून रस्ता मोकळा करायचा, असं आकाराम सांगायचा. आज कट्ट्याची वेळ टळून गेली होती. म्हशी तशाच घरी उभ्या होत्या. काळूची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि गेला काही काळ तो रोज सलाइनवर होता. आज त्याच्या तोंडाला लघवीसारखा वास येत होता, हिरड्यांवर फोड उठले होते. टेबलावर ठेवल्याबरोबर तो आखडला, चारही पाय ताठ झाले, डोळे फिरले. झटका ओसरल्यावर तो कण्हायला लागला. मोठ्यानं नाही. एकसारखा, श्वास बाहेर पडेल तसा. पारसनं नेहमीसारखा पंजा हातात घेतला, शीर चाचपली. शीर सापडेना, रोजच्या सुयांनी सगळ्या शिरा बसल्या होत्या. स्नेहलनं न विचारता सलाइनची बाटली पुढे केली. संयोगितानं सकाळी आणून दिलेल्यांतलीच असेल किंवा नसेलही, बाटल्या सगळ्या सारख्याच दिसतात. त्याने ती घेतली नाही. "आकारामदादा," तो म्हणाला, आणि पुढचे शब्द कुठले हे त्याला कळेना. अजून प्रयत्न करू, हे तेवढे शब्द जिभेवर तयार होते. आयुष्यभर तेच तयार असायचे.

"लावा की सलाइन," आकाराम म्हणाला. "तुमी लावलं की रातभर जरा निवांत पडतंय त्ये." "निवांत पडतंय?" पारसनं विचारलं. आकारामनं मान खाली घातली. मग म्हणाला, "न्हाय पडत. पर लावल्यावर मला बरं वाटतंय." इतकं सरळ कुणी त्याच्याशी बोललं नव्हतं, आणि इतक्या सरळपणे तो स्वतःशीही कधी बोलला नव्हता. लावल्यावर आपल्यालाही बरंच वाटत आलं होतं. काळू कण्हत होता. त्या कण्हण्याला कुठे थांबा नव्हता, आणि पारसला एकाएकी असं वाटलं की हा आवाज आपण आजच ऐकतोय असं नाही, आपण वर्षानुवर्षं ह्याच आवाजात काम करत आलो, एखाद्याला पंख्याची घरघर ऐकू येईनाशी व्हावी तसा तो आपल्याला ऐकू येईनासा झाला होता, आणि सकाळी त्या बाईनं येऊन नुसतं एक वाक्य बोलून तो परत चालू केला. त्याला भीती वाटली. कुणाला मारण्याची नव्हे, उशीर झाल्याची. "आता हा बरा होणार नाही," तो म्हणाला. "उद्या नाही, परवा नाही. दुखत राहील आणि मग जाईल. मी त्याला झोपवतो. त्याला काही कळणार नाही."

आकारामनं मान वर केली. "तुमी?" तो म्हणाला. "तुमी तर करत न्हाय म्हणत्यात. म्हणून तर दुसऱ्या कुनाकडं नेलं न्हाय की मी. म्हटलं, मगदूम डॉक्टरकडं न्यायचं, म्हंजे कुनी इचारनारच न्हाय असलं कायबाय." त्याच्या आवाजात राग होता. पारसला तो राग समजला. हा माणूस इथे ठरवावं लागू नये म्हणून येत होता, आणि आज इथेच त्याला ठरवायला सांगितलं जात होतं. दवाखान्यातल्या बाकीच्यांना स्नेहलनं बाहेर थांबवलं. आकारामनं काळूच्या कपाळावर तळवा ठेवला, डोळ्यांवरून खाली ओढला, परत वर नेला. पुन्हा एक झटका आला. ह्या खेपेला काळूच्या तोंडातून रक्ताचा फेस आला आणि शेपटीखाली घोंगडं ओलं झालं. ते आवरता आवरता आकाराम भडाभडा रडला. भले दांडगे हात, धारा काढून काढून बोटं वाकलेली, त्या बोटांनी तो कुत्र्याची जीभ पुसत होता. "करा," तो म्हणाला. "पर तुमीच करा. स्वताच्या हातानं. आनि मी हितं हाय तवर करा."

त्यासाठी वेगळं काही लागत नव्हतं, ह्याचंच त्याला नवल वाटलं. भुलीचं औषध कपाटात रोजचंच होतं. जखमा शिवताना, गर्भाची पिशवी काढताना तो रोज तेच द्यायचा, बेतानं. आज बेत ठेवायचा नव्हता एवढाच फरक. शीर शेवटी मागच्या पायाला सापडली. अर्धी पिचकारी जायच्या आत कण्हणं थांबलं. काळूचं डोकं आकारामच्या हातात जड झालं, छाती एकदा उचलली, मग उचलली नाही. पारसनं स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. आत काही नव्हतं. दवाखान्यात पंखा, ट्यूबलाइटची गुणगुण, बाहेर हॉर्न. एवढ्याशा गोष्टीकडे आपण इतकी वर्षं पाठ करून उभे होतो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला ब्राउनी भिंतीकडे तोंड करून उभा असलेला दिसला. त्याच्यामागे आणखी कोणकोण दिसायला लागलं. त्याला ते सहन होईना. आकारामनं घोंगडं गुंडाळलं, उचललं, दाराशी थांबला. "निवांत झालं बगा," एवढंच म्हणाला. तो शब्द आभाराचा होता की कसला, हे पारसला कळलं नाही.

स्नेहलला कुलूप लावायला सांगून तो जिना चढला. बायको, आदिती, मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती, त्यामुळे घरात आक्का एकटीच होती. जिन्यावर तो मधेच बसला. नियम मोडला ह्याचं त्याला दुःख होत नव्हतं, आणि होत नाही ह्याचंही नाही. फक्त आक्काला सांगायचं होतं. न सांगता चाललं असतं. तिनं किती जनावरं आली विचारलं असतं, त्याने आकडा सांगितला असता. पण ते आता त्याच्यानं होणार नव्हतं. कुरुंदवाडच्या वाटेवरचा तो ओलसर हात आपल्या खांद्यावरून आज आपणच काढून ठेवणार, असं त्याला वाटलं आणि एवढा मोठा, केस गेलेला बाप्या असून त्याला लहान पोरासारखं रडू फुटलं. ते त्याने बाहीला पुसलं.

आक्का दिवस असतानाच जेवून घ्यायची. आता खिडकीशी जपमाळ घेऊन बसली होती. "आलास? लई येळ केलास आज," ती म्हणाली. तो तिच्यासमोर फरशीवरच बसला. "आक्का, आज मी एका कुत्र्याला झोपवलं," तो म्हणाला. "मारलं. माझ्या हातानं." तिची बोटं माळेवर थांबली नाहीत. मणी संपेपर्यंत तिनं तोंडातल्या तोंडात म्हटलं, मग माळ मांडीवर ठेवली. "लई दुखत हुतं व्हय त्येला?" तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. "मग बरं केलास की," ती म्हणाली. "आनि आजच का सांगाय लागलाईस? इतकी वर्सं सांगितलं न्हाईस ते." त्याला काही कळेना. आक्का हसली. "मला काय खुळी समजतोस? जनावरांचा डॉक्टर, आनि तडफडनाऱ्याला सोडवत न्हाय, असं कुठं असतंय? लोकं मला देवळात म्हनायची, तुझा ल्योक नियम पाळतोय. मी गप बसायची. म्हटलं, पोरगं गुनाचं हाय, आईला वाईट वाटू ने म्हनून लपवतंय, तर लपवूदे. तू दवाखाना काढलास त्याच वर्सी मी म्हाराजांस्नी इचारलंतं. ते म्हनाले, त्येच्या वाटचं प्राश्चित तू घे. तवापास्नं चौदस धरते मी. तुझ्या हातनं गेल्यात त्या सगळ्यांसाठी."

आक्का चौदशीला उपवास करते हे त्याला ठाऊक होतंच. म्हाताऱ्या बायका करतात. पाणीसुद्धा घ्यायची नाही. मागच्या उन्हाळ्यात चौदशीलाच ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली होती आणि तो तिच्यावर ओरडला होता, या वयात कुणासाठी हे सगळं करतेस म्हणून. तेव्हा तिनं उत्तर दिलं नव्हतं. आता तो तिच्या हातांकडे बघत होता. नुसती कातडी आणि शिरा राहिल्या होत्या. खालच्या मजल्यावर तो तिच्यासाठी जनावरांना मरू देत नव्हता आणि वरच्या मजल्यावर ती त्यांच्यासाठी उपाशी राहत होती, आणि मधे फक्त एक जिना होता, तो चढून कुणी कुणाला एकदाही विचारलं नव्हतं. त्याला हसू येईल असं वाटलं. ते आलं नाही.

"किती झाली असतील रं सगळी मिळून?" आक्कानं विचारलं. तिच्या आवाजात दोष नव्हता. पुष्कळ दिवस विचारायचं राहून गेलेलं काहीतरी ती आज विचारत होती. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं. आजचा पहिलाच, आक्का. सोपं वाक्य होतं. ते बोललं की तिच्या साऱ्या चौदशी कुणाच्याच नव्हत्या असं होणार होतं. आणि मग ती विचारणार, का रे, बाकीच्यांना का नाही सोडवलंस? त्याचं उत्तर तिच्या तोंडावर देणं त्याला शक्य नव्हतं. ती मान जराशी तिरकी करून वाट बघत होती. तिला हल्ली डाव्या कानानं कमी ऐकू यायचं.

"बरीच झाली असतील, आक्का," तो मोठ्यानं म्हणाला.

आक्कानं समाधानानं मान हलवली. "मग वाया न्हाय गेलं म्हनायचं," ती म्हणाली, आणि तिनं माळ परत हातात घेतली.